रॅम्सगेटच्या अलीकडचा बाक

मंदाकिनीबाईंना समुद्राचं फारसं कौतुक नव्हतं. त्या चालायला निघाल्या होत्या त्या कसबा पेठेतलं घर वाचवायला.

घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून नवऱ्याने, दिगंबररावांनी, शहराबाहेर मांजरी गावातल्या एका नव्या फ्लॅटचा धोशा लावला. लिफ्ट आहे, मोकळी हवा आहे, गॅलरीतून ऊस दिसतो. "ऊस बघून मी काय करू?" मंदाकिनीबाई विचारायच्या. कसब्यात त्यांचं सगळं चालत होतं, म्हणजे पायानेच. सकाळी गणपती, मग मंडई, येताना तांबट आळीत कुणाकडे तरी चहा, संध्याकाळी भजनाच्या बायका. मांजरीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी रिक्षा शोधावी लागली असती. दोघं लेकीकडे, वैदेहीकडे, इंग्लंडला राहायला आले, तर वादही सामानाबरोबर आला. तिकडे बिल्डर उत्तराची वाट बघत होता.

एकदा जेवताना वैदेहीने किनाऱ्याने चालायचा विषय काढला. मार्गेट, ब्रॉडस्टेअर्स, रॅम्सगेट ही हवा खायला जायची गावं समुद्राकाठी एका ओळीत आहेत. इथले लोक सकाळी पहिल्या गावाहून निघतात, दुपारी दुसऱ्यात खातात आणि दिवस कलताना तिसऱ्यात पोचतात.

"तुझ्या आईला सांगू नकोस हं," दिगंबरराव म्हणाले, "तिला जिना चढवत नाही."

"मी चालेन," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आणि रॅम्सगेटला पोचले, तर मांजरीचं नाव काढायचं नाही."

"आणि अर्ध्यावर सोडलंस तर?"

"तर बसेन तुमचा ऊस बघत."

वैदेहीने त्यांना सकाळी मार्गेटला सोडलं. तिला काम होतं, ती संध्याकाळी रॅम्सगेटच्या बंदरावर गाडी घेऊन थांबणार होती. जाताना तिने बजावलं, की कड्यावरच्या वाटेनेच जा, खाली वाळूत उतरू नका, भरतीचं पाणी पटकन येतं. "बाबा, ऐकताय ना?" बाबा ऐकत होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलेलं नव्हतं.

मार्गेटच्या वाळूत म्हातारीकोतारी माणसं कापडी खुर्च्या टाकून स्वेटर घालून ऊन खात बसली होती. पुढे पांढरे खडूचे कडे लागले. मंदाकिनीबाई पाचवारी किंचित वर खोचून, खाली लेकीचे बूट घालून बेताने चालत होत्या. गुडघा गप्प होता. दिगंबरराव पाठीमागे हात बांधून चालत आणि प्रत्येक गोष्टीवर निकाल देत. जन्मभर बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान चालवलेला माणूस. समोर येईल त्यात काय बिघडलंय ते सांगायची सवय. एवढा मोठा समुद्र, आणि काठावर धड एक भेळेची गाडी नाही, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं होतं.

ब्रॉडस्टेअर्सला त्यांनी समुद्राकडे तोंड करून गुळाच्या दशम्या खाल्ल्या. एक सीगल आला आणि दिगंबररावांच्या हातातली दशमी उचलून गेला. "विचारलं असतंस तर दिली असती," ते त्याला मराठीत म्हणाले. मंदाकिनीबाई मनापासून हसल्या. निम्म्याहून जास्त वाट संपली होती आणि घर त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

मग चूक झाली. वरची वाट चढउताराची होती, खालची वाळू सपाट. दिगंबरराव म्हणाले, खालून जाऊ. उताराच्या तोंडाशी पाण्याबद्दल इशाऱ्याची पाटी होती. पण या गृहस्थांनी दुकानासाठी गिऱ्हाइकांना टोमणे मारणाऱ्या पाट्या स्वतः लिहिलेल्या. पाटी असते ती समोरच्याचा अपमान करायला, ऐकायला नव्हे, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"अगं, पाऊस नाही, धरण नाही. पाणी सोडणार कोण?"

खरं सांगायचं तर मंदाकिनीबाईंनाही ते पटलं. त्यांच्या गावी पाणी वाढतं ते खडकवासल्यातून सोडल्यावर. त्याची आधी बातमी येते, नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो, आणि लोक छत्र्या घेऊन बघायला जातात. निरभ्र दिवशी, कुणालाही न कळवता, आपलं आपण चढणारं पाणी दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

ते चढलं. आधी नुसते बूट भिजले. मग वाळूचा पट्टा गल्लीएवढा झाला. पुढे कड्याचं नाक थेट पाण्यात उभं होतं, आणि मागे वळून बघितलं तर आल्या वाटेवरही लाटा खेळत होत्या. लेकीला आता काय तोंड दाखवायचं, हा विचार त्याही वेळी मंदाकिनीबाईंच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात त्यांना कड्यात कोरलेल्या पायऱ्या दिसल्या, उभ्या, लोखंडी कठड्याच्या.

"चढा," त्या म्हणाल्या.

चांगला पाय आधी, ऑपरेशनचा मागून, असं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं. तशाच त्या चढल्या. पहिल्या वळणावर वळून पाहिलं तर नवरा बराच खाली, कठड्याला टेकून उभा. "पाण्याचा रंग बघ काय सुंदर आहे," तो म्हणाला. या माणसाने उभ्या जन्मात कशाच्या रंगाबद्दल शब्द काढला नव्हता. दुसऱ्या वळणावर दिगंबररावांना भिंतीवर मजकूर कोरलेली एक धातूची पट्टी सापडली. ती त्यांनी मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचली. तिसऱ्या वळणावर वाचायला काहीच नव्हतं. तिथे ते नुसते उभे राहिले. तोंड उघडं, चेहरा पांढराफटक, खांदे वरखाली होत होते.

आणि मंदाकिनीबाईंना एकदम मकसूदभाई आठवले.

मकसूदभाई कसब्यातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. गेलं वर्षभर दिगंबरराव बाहेरून आले की त्यांच्या दाराशी थांबून पाण्याच्या टाकीवरून वाद घालत. रोज. मंदाकिनीबाईंना वाटे, वयाबरोबर भांडखोरपणा वाढलाय. आता कळलं, की भांडण नव्हतंच ते. तो दम खायला घेतलेला थांबा होता. गुडघा आपला होता, पण लिफ्ट ह्यांना हवी होती.

त्यांना भयंकर राग आला. एक शब्द बोलता आला नाही ह्यांना? मग त्याच रागाच्या पोटात भीती शिरली आणि राग कुठे गेला ते कळलंच नाही. त्या तीन पायऱ्या खाली उतरल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

"तुझ्या गुडघ्यासाठी थांबलो," दिगंबरराव जमेल तसं म्हणाले.

"हो ना," त्या म्हणाल्या. "थांबू या जरा."

वर आल्यावर वाट सपाट होती. थोडं चालल्यावर रॅम्सगेट दिसलं. बंदरातल्या होड्यांच्या डोलकाठ्या, धक्का, गाड्यांची रांग. घर जिंकायला आता एवढंच चालायचं होतं, आणि पायांत अजून तेवढंच परत जायची ताकद होती. मंदाकिनीबाईंना मंडई आठवली, भजनाच्या बायका आठवल्या. डोळे भरून आले ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. मग वाटेकडेच्या बाकावर त्या बसल्या.

"आता नाही हो जमत. वैदेहीला फोन करा, गाडी इथे आण म्हणावं."

"अगं, हे काय, समोर आहे."

"असू दे. हरले मी. बिल्डरला कळवून टाका. आणि पुण्याला गेल्यावर मी गुडघा दाखवायला जाईन तेव्हा तुम्हीही छाती दाखवून घ्या. एका रिक्षात दोन्ही होईल."

मी म्हणतच होतो, हे दिगंबररावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांची नजर बायकोच्या हातांकडे गेली. दोन्ही हातांनी ती गुडघा दाबत बसली होती. डावा.

ते शेजारी बसले. मग बंदराकडे बघत त्यांनी विचारलं, "मकसूदला काय सांगायचं?"

"फोनवर भांडा."

त्यांनी लेकीला फोन लावला, आईचा गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं आणि फोन खिशात ठेवला. वळणावर गाडी दिसली, तेव्हा त्यांनी बायकोचा हात डाव्या गुडघ्यावरून उचलला आणि उजव्यावर ठेवला.