उजवी घालणारी मशीन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे नेरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी महागावजवळच्या एका कपाशीच्या शेतात हाताची घडी घालून अगदी शहाण्यासारखी उभी होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन मशिनी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक माझी, एक नागपूरहून आलेली पिवळी. शेतकऱ्यांच्या कंपनीचे अध्यक्ष वामनराव जी पसंत करतील, ती अख्ख्या तालुक्यात जाणार होती. ही ऑर्डर हुकली असती तर नेरच्या आमच्या वर्कशॉपला कुलूप लागणार होतं.

कपाशीच्या दोन ओळींमधलं तण खुरपत एकटा चालणारा रोबोट आमच्या जिल्ह्यात सगळ्यात आधी मी केला. मी आभा, आणि माझा भागीदार यज्ञेश्वर. मशीन मी सांभाळायची, बाजार त्याने. भागीदार म्हणणंही कमीच. माझ्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला मला सख्खा भाऊ नव्हता, तेव्हा हाच पुढे झाला, आणि असा पिळला की नवरा अजून तक्रार करतो. त्या दिवशी त्याला नेमका ताप आला होता. मी म्हटलं, झोपून राहा, ऑर्डर घेऊनच येते.

पिवळी म्हणजे रंग सोडला तर माझ्या मशीनची जुळी बहीण, आणि किंमत निम्मी. आम्ही वर्षानुवर्षं चिखलात लोळलो आणि हे आयत्या बिळावर नागोबा. तरी मी मनाची समजूत घालत होते की बाहेरून पाहून केली असेल नक्कल, करेनात का. आतलं डोकं कुठून आणतील?

आधी माझी मशीन चालली. तण साफ, एका झाडाला धक्का नाही. वामनराव मान डोलावत होते. मग पिवळी निघाली. तीही सरळ चालली, आणि शेताच्या मधोमध येऊन थांबली. तिने पाती वर उचलली. समोरची मोकळी जागा उजव्या हाताला ठेवून तिने गोल चक्कर मारली आणि पाती खाली टाकून पुन्हा कामाला लागली. मागे गवताचं एक गोल बेट तसंच राहिलं.

"थे काहून फिरली?" वामनरावांनी विचारलं.

"सेन्सर आहे साहेब," पिवळीचा विक्रेता म्हणाला. "जमिनीचा ओलावा पाहते."

ओलावा! ती चक्कर मी ओळखत होते, कारण ती माझीच होती.

नेरच्या विमलताईंनी सगळ्यात आधी मला आपलं शेत दिलं. बाकीचे 'बाईचं खेळणं' म्हणून हसत होते तेव्हा. त्यांच्या शेताच्या मध्ये शेंदूर लावलेला देवाचा दगड आहे. तण काढायला डवरा धरला की बैलांनी त्या दगडाला उजवी घालून, म्हणजे प्रदक्षिणा करूनच पुढे जायचं, ही त्यांच्या घरची रीत. "तुह्या मशीनले बी जमलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. मशीन तेव्हा आंधळीच होती, धुऱ्यापासून अंतर मोजत चालायची. मी दगडाची जागा मोजून तिच्या डोक्यात घातली. यज्ञेश्वर चिडला होता. "काढ ते. लोक हासतीन आपल्याले." नंतरच्या मशिनींमधून मी ते काढून टाकलं. विमलताईंच्या मशीनमध्ये मात्र त्याला न सांगता राहू दिलं. त्यांना शब्द दिला होता.

म्हणजे पिवळीच्या डोक्यात विमलताईंची मशीन होती, जशीच्या तशी. आतला प्रोग्राम कोणी उघडूनसुद्धा वाचला नव्हता.

"चोर आहेत हे लोक!" मी ओरडले. शहाणपण संपलं होतं.

"बाई, बोलनं सोपं आहे," वामनराव म्हणाले. "सबूत काय?"

मी सगळी हकिगत सांगितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा विमलताईंना फोन लावला. "ताई, तुमची मशीन कोणी नेली होती का?"

"मधात नेलती नं."

"कोणी?" मी विक्रेत्याकडे बघत विचारलं. आता याचं तोंड बघण्यासारखं होणार होतं.

"अवो, कोनी म्हंजे? आपल्या यज्ञेश्वरभाऊनं. तूच धाडलं म्हने त्यायले, दुरुस्तीले न्याची आहे म्हनून. घरचा मानूस, मी कायले नाही म्हनू? जातानी देवाले हात जोडून गेले."

मी फोन ठेवला. वर्कशॉपमधून त्याला नेता आली नसती, मी तिथून हलत नाही. म्हणून त्याने त्या माउलीच्या गोठ्यातून नेली, माझं नाव सांगून.

विक्रेता खाली बघत म्हणाला, "मॅडम, यज्ञेश्वरभाऊ तर आमचे जिल्ह्याचे डीलर आहेत. तुमाले मालूम नव्हतं?"

परक्याने लुटलं असतं तर मी लढले असते. कोर्टात गेले असते, गावभर बोंब मारली असती. पण ज्याला भाऊ म्हणून मांडवात उभं केलं त्यानेच केसाने गळा कापला, आणि ते मीच चारचौघांत सिद्ध करून दाखवलं होतं. रडू येत होतं आणि मला त्या लोकांसमोर रडायचं नव्हतं.

वामनराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, मशीन तुमची आहे, मानलं. पन तुमच्याच भागीदारानं देल्ली. तुमच्या घरच्या भांडनात आमी कायले पडाव? तेच काम अर्ध्या भावात होऊन राह्यलं." आणि विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "पिवळीच द्या. अन् थे फिरनं काढू नका. आमच्याबी वावरात देव आहेत. जागा तेवढी बदलून द्या."

"देऊ नं साहेब," विक्रेता म्हणाला. ती कशी बदलायची हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. यज्ञेश्वर. आवाज तापाने खोल गेलेला, निदान तसा काढलेला.

"आभा, काय झालं वं? भेटली नं ऑर्डर?"

"भेटली," मी म्हटलं. "तुले भेटली."

मग त्याने हळूच विचारलं, "कोनी सांगतलं?"

"तुह्या मशीननं."