विझलेले हिरवे आकडे

मी गडमुडशिंगी गावच्या अक्काताईंच्या घरचं मनगटी घड्याळ बोलतोय. तबकडी पिवळी पडलेली, आकडे गुळासारखे तपकिरी, असा माझा सध्याचा अवतार आहे. हसू नका. एके काळी मी अंधारात हिरवागार चमकायचो.

एकसष्ट साली अक्काताईंच्या यजमानांनी, बाबासोंनी, मला कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलं. माझ्या आकड्यांना आणि काट्यांना रेडियमचा रंग होता. घरी आल्या आल्या त्यांनी मला धान्याच्या अंधाऱ्या कोठीत नेलं आणि अर्ध्या गल्लीला बोलावून माझी चमक दाखवली. मी भलताच फुशारलो.

पण त्यांच्या मनगटावर मी फार दिवस टिकलो नाही. अक्काताई रोज पहाटे सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नेमाच्या ध्यानाला, बसत. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी डोळे मिटून. दिव्यावर किडे येऊन मरतात, म्हणून दिवा लावायचा नाही. वेळ कळावी म्हणून बाबासोंनी मला त्यांच्यापुढं ठेवलं. अक्काताई मधूनच डोळा किलकिला करून माझ्याकडं बघायच्या. या घरचा धर्म माझ्यामुळंच चाललाय, असं मला वाटायला लागलं.

दहा-बारा वर्षांत चमक उतरली. रेडियम थकत नाही हो, पण त्याच्या धगीनं रंगातला चमकणारा पदार्थच जळून जातो. बाबासोंना वाटलं, ऊन दिलं की चमक भरेल. त्यांनी मला चक्क सांडग्यांच्या शेजारी पत्र्यावर वाळत घातलं! चमक आली नाहीच, तबकडी मात्र आणखी पिवळी पडली. त्यानंतर अक्काताईंनी माझ्याकडं बघणंच सोडलं. ते मला फार लागलं.

एकोणऐंशी साली त्यांचा मुलगा वर्धमान नोकरीला लागला. आईसाठी काहीतरी करावं म्हणून तो मला आणि तिला घेऊन घड्याळजीकडं गेला.

"पावणं, हे समदं खरवडून नवा रंग भरतो. कसं पेटल्यावानी दिसंल बघा," म्हणत घड्याळजीनं माझी काच काढली आणि पातं उचललं. माझा चेहराच जाणार होता! मी पार गारठलो.

"थांबा की!" अक्काताई म्हणाल्या.

"अगं आई, अंधारात तुला दिसत न्हाय न्हवं?"

"दिसत न्हाय तेच बरं हाय. हे चमकायचं तवा सगळं ध्यान ह्याच्याकडंच. झालं का, झालं का, सारखा डोळा उघडायचा. विझलंय तवापासनं मन जाग्यावर बसतंय."

"मग वेळ कशी कळती?"

"इतक्या वर्सांत कळंना व्हय? दोन घटका भरल्या की आपसूक डोळं उघडत्यात. ह्याची टिकटिक तेवढी असू दे सोबतीला."

घड्याळजीनं काच परत बसवली. मी सुटलो! जरा लाजही वाटली, कारण इतकी वर्षं मी ज्या चमकेचा तोरा मिरवत होतो, तीच त्यांची अडचण होती.

तुमच्या कपाटात माझ्यासारखं एखादं असेल, तर त्याला घासूनपुसून तरुण करायला जाऊ नका. नुसती किल्ली द्या.

पहाटे अक्काताई बसतात, मी शेजारी टिकटिकत राहतो. त्या माझ्याकडं बघत नाहीत, आणि मला फार बरं वाटतं.