दिलगिरी छापणाऱ्या मशीनची कैफियत

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. जवळ आलात तर शर्टाला शाई लागेल आणि तुमची आई मलाच शिव्या देईल. मी यवतच्या स्टँडमागच्या गाळ्यातलं एक जुनं ऑफसेट मशीन आहे. पुण्यात कुणीतरी मला मोडीत काढलं होतं. पोपटरावांनी टेम्पोत घालून इकडे आणलं आणि माझ्यावर ‘साप्ताहिक खळं’ छापायला सुरुवात केली.

संपादक तेच, वार्ताहर तेच, अंक वाटणारेही तेच. पोटासाठी मी लग्नपत्रिका छापल्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या. एकेकाला इतकं गोरं केलं की त्याच्या बायकोनंही ओळखलं नसतं! पण अंक निघाला की टपरीवर लोक म्हणायचे, “पोपटरावांनी ठोकलंय बरं का!” तेव्हा माझी छाती फुगायची.

एकदा मोनिका आली. ती आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे.

“मामा, चेअरमननं सोताच्याच पाहुण्यांच्या नावावर कर्जं उचलल्यात. लोकांच्या ठेवी बुडत्याल. पर माझं नाव यायला नगं. घरात मी एकटीच कमावती हाय.”

“न्हाई येणार. शब्द हाय माझा,” पोपटराव म्हणाले.

म्हणून मी छापलं, ‘चेअरमन यांनी ठेवींचा गैरवापर केल्याचे समजते.’ समजते! हा शब्द आम्हा पेपरवाल्यांच्या फार सोयीचा. सांगणारा माणूस त्याच्याआड लपतो.

चेअरमननं दौंडच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. मागितलेला आकडा ऐकून मी थक्क झालो. एवढी अब्रू असते होय एका माणसाला! मग तारखा सुरू झाल्या, जाहिराती आटल्या. टपरीवरचे शूर लोक पोपटराव दिसले की मोबाईलमध्ये तोंड घालू लागले. एका तारखेहून परतल्यावर ते माझ्याजवळ बसून म्हणाले, “त्यांचा वकील इचारतो, समजते म्हणजे कुणाकडून समजले? आपला वकील म्हणतो, साक्षीदार आणा. कुठनं आणू? पोरीला शब्द दिलाय.”

शेवटी तडजोड झाली. त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दिलगिरी. ‘सदर वृत्त निराधार होते.’ पोपटरावांनी प्लेट चढवली. मी कागद अडकवला. पुन्हा अडकवला. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. “चाल बाबा. आता हट्ट नगं करू.” चाललो. मशीनला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो, आणि त्या दिवशी मला स्वतःचीच किळस आली.

अंक गावोगाव गेला. काल वडगाव रासाईच्या कुशाबाई त्याच पतसंस्थेत जाता जाता आमच्या गाळ्यात आल्या. मेंढरं विकून त्यांनी नातीच्या, अंकिताच्या, नर्सिंगसाठी ठेव ठेवली होती. आमची बातमी वाचून ती काढून घेतली होती.

“तुमच्यापायी माझं याज बुडालं,” त्या म्हणाल्या. “आता तुम्हीच छापलंय, खोटं व्हतं म्हनून. चाल्लेय परत ठेवायला.”

“मावशी, ठेवू नका,” पोपटराव कळवळून म्हणाले. “पाया पडतो तुमच्या. ती बातमी खरी हाय.”

कुशाबाईंनी पिशवीची गाठ आवळली. “तवा खोटं बोल्लात का आता खोटं बोलताय? येकदा काय ते ठरवा की!”

आणि पैशांची पिशवी छातीशी धरून त्या निघून गेल्या. पोपटराव दारापर्यंत धावले आणि तिथंच थांबले.

मित्रांनो, माझी निगा राखा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, भंगारात का होईना, काहीतरी किंमत येईल. छापलेल्या शब्दाची पत गेली की ती किलोवरही कुणी घेत नाही. निगा राखायची तर तिची राखा. कुणी तुमच्यासाठी खरं बोललं, तर कोर्टात त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. आमच्या शेजारी कुणीच आलं नाही. कुशाबाईंनी सगळे पैसे भरले, पावती पदराला बांधली आणि समाधानानं घरी गेल्या.