घड्याच्या गळ्यातला सखाब

महदिया गावात समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत बेयाचे घर होते आणि घरात खिडकीशी एक मातीचा घडा होता. तेलाचा घडा, पण तेल त्यात कित्येक वर्षांत पडले नव्हते. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे सखाब मात्र मुलींच्याही आधी त्या घड्याने गळ्यात घातले होते.

सखाब करावा तो बेयानेच, अशी तिथल्या बायकांची बत्तीस वर्षांची समजूत. लवंग, महलबाच्या सुगंधी बिया, जायफळ आणि केशर कुटायचे, गुलाबपाण्यात मळायचे, वरून कस्तुरीचा हात फिरवायचा, त्याचे तिकोनी मणी वळून सुईने भोके पाडायची आणि सात दिवस सावलीत वाळवून मग माळ ओवायची. हा वास लग्न झालेल्या बाईचा. बोटीवरून नवरा परत आलाय हे शेजारणीला दारातून येणाऱ्या वासावरूनच कळायचे.

त्यामुळे नियमही कडक होता. लग्न न झालेल्या बाईने सखाब क्षणभरही गळ्यात घालायचा नाही. नवऱ्या मुलीने मेंदीच्या दिवसापर्यंत नाही, आणि बेयाने कधीच नाही, कारण बेयाचे लग्न झालेच नव्हते. मग माप कसे बघणार? मुलीच्या गळ्यावरून दोरा घ्यायचा, त्या मापाचा सखाब ओवायचा आणि घड्याच्या गळ्यात घालून बघायचा. घड्याच्या पोटावर कोळशाच्या बारीक रेघा होत्या, ठेंगणी, मध्यम, उंच अशा. बेयाला त्या रेघांचीही गरज नसे. मुलगी उंबरठ्यावर चप्पल काढेपर्यंत तिचे माप बेयाच्या डोळ्यात उतरलेले असे.

"लांबी म्हणजे श्रीमंती नव्हे गं," ती आयांना सांगायची. "कंबरपट्ट्याच्या वर दोन बोटं थांबला पाहिजे. खाली गेला तर बसताना पट्ट्यात अडकतो आणि मणी फुटतात. वर राहिला तर छातीवर फळीसारखा पडून राहतो, रुळत नाही. भरल्या अंगाच्या मुलीला चार मणी जास्त, बारीक मुलीला मणीच बारीक. आणि नीट बघून सांगा बरं का. एकदा गळ्यात पडला की सकाळपर्यंत काढायचा नाही. मग आलात माझ्याकडे रडत तर मी घड्याकडे बोट दाखवीन."

हे सगळे शिराझने इतक्या वेळा ऐकले होते की ती बेयाच्या मागे उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि गिऱ्हाइके हसायची.

शिराझ बेयाच्या बहिणीची मुलगी, तिला खाला म्हणणारी. बहीण झकिया गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. बाप स्फाक्सला गेला, तिथे त्याने दुसरे घर केले आणि मुलीला घेऊन जातो जातो म्हणत दोन वर्षे काढली. तिसऱ्या वर्षी बेयाने त्याला निरोप धाडला की आता येऊ नकोस, तिचे दात पडायला लागलेत, मला सवय झालीय. दात पडण्याचा आणि सवयीचा काय संबंध ते त्याला कळले नसावे, पण तो आला नाही. तेव्हापासून दोघी एकाच ताटात जेवल्या आणि एकाच पोळीवरून भांडल्या. शिराझ मण्यांच्या लगद्यात हात घालून वाढली. शाळेत तिच्या वह्यांना लवंगेचा वास यायचा.

आता ती सव्वीसची झाली होती. बंदरावर इंजिने दुरुस्त करणाऱ्या वज्दीशी तिचे लग्न ठरले होते. मुलगा चांगला होता. बेयाने त्याला पहिल्याच भेटीत वाडगाभर मुलूखियाची घट्ट पालेभाजी वाढून तो न बोलता संपवतो का ते पाहिले होते, आणि त्याने ती संपवून वाडगा पुसला होता.

सगळे जमून आले, पण एक गोष्ट बेयाच्या घशात अडकून बसली. मेंदीच्या दिवशी नवऱ्या मुलीच्या गळ्यात सखाब घालायचा मान आईचा. आई नसेल तर अशा बाईचा, जिचा पहिलाच नवरा आणि तोही हयात. गल्लीत त्यासाठी एकच नाव घेतले जाई, मानाने लल्ला म्हणत त्या मन्नूबियाचे. चाळीस वर्षे ती नवऱ्याला रोज तीन वेळा शिव्या घालत होती, पण नवरा ठणठणीत होता आणि त्याच्या जोरावर तिने गावातल्या शंभर मुलींचे सखाब घातले होते.

"मेंदीच्या दिवशी मी येते गं चार वाजता," मन्नूबिया दारातूनच सांगून गेली. "मणी कोरडे ठेव. मागच्या खेपेला माझ्या बाहीला डाग पडला."

"ये की," बेया म्हणाली. "तूच घालायचास. दुसरं कोण आहे."

बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता. पण त्या दुपारी तिने महलब इतका कुटला की त्याचे पीठ झाले आणि तो टाकून द्यावा लागला. बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलींसाठी मणी वळले, एकदाही मनात आले नाही की हा आपल्या हाताने कुणाच्या गळ्यात घालावा. आता आले होते. या एकाच मुलीच्या गळ्यात, एकदाच. पण नियमाला कसे विचारणार? आणि कोणी हो म्हटले असते तरी पोरीच्या संसाराला काही झाले, तर सगळे बेयाकडे बघतील, आणि सगळ्यांच्या आधी बेया स्वतःकडे बघेल.

शिराझ चुलीपाशी बसून हे बघत होती. 

मापाच्या दिवशी बेयाने दोरा काढला. "सरळ उभी राहा. दोरा गळ्यामागे मी धरते, पुढचं टोक तू धर. कंबरपट्टा येतो तिथून दोन बोटं वर."

शिराझने टोक धरले. बेयाने दोरा तोडला, हातावर मोजला, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तुझं माप नाही."

"माझंच आहे."

"एवढी उंच तू नाहीस. तुझ्या गळ्यात हा सखाब मांडीवर येऊन बसेल."

"मला लांब हवाय, खाला. आता असेच घालतात."

"कोण घालतं? कुठली शहाणी? माझ्याकडून करून न घेता महदियात कोण घालतं ते मला कळू दे."

"वज्दीच्या बहिणीने घातला होता. सूसला."

"सूसच्या बायका," बेया म्हणाली, आणि तेवढ्यात तिला जे सांगायचे होते ते सगळे आले. "वाळल्यावर मणी अंग चोरतात हे धरूनसुद्धा चार बोटं जास्त होतंय. मी तुझं माप डोळे मिटून सांगीन. तू सात वर्षांची असताना—"

"मी सात वर्षांची नाहीये. लग्न माझं आहे ना? मग माझ्या मापाने कर."

हे शब्द बेयाला लागले. 'माझं' हा शब्द त्या घरात पूर्वी एवढ्या जोराने कोणी वापरला नव्हता. तिने दोरा डब्यात टाकला आणि ती मनाशी म्हणाली, बरोबर आहे, मुलगी आता दुसऱ्या घरची होणार. दुसऱ्या दिवसापासून तिने मागितलेल्या मापाचे मणी वळले. एकेक मणी सारखा, कडा रेखीव. घड्याच्या गळ्यात घातला तेव्हा सखाब उंच मुलीच्या रेघेच्याही खाली गेला. बेयाने घड्याला सांगितले, "मला विचारू नकोस. मला कोणी विचारलं नाही."

मेंदीचा दिवस उजाडला. दुपार कलताच घर बायकांनी भरले. शिराझ जाड सोनेरी कंबरपट्टा लावून गादीवर बसली होती. तिच्या दोन्ही तळहातांवर मेंदी लिंपून वर कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, बोटे हलवायची सोय नव्हती. बेया स्वयंपाकघराच्या दारात बदामाच्या सरबताचे ग्लास भरत उभी होती. पुढे यायचे नाही असे तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे तिनेच ठरवले होते.

मन्नूबियाने अल्लाचे नाव घेऊन सखाब उचलला आणि शिराझच्या डोक्यावरून खाली सोडला. बायकांच्या जिभा वळल्या, लांब लुलूकार उठला, खोली लवंगेच्या वासाने भरून गेली. बेयाने ग्लास भरता भरता सरबत बाहेर सांडले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने खांद्याला गाल पुसला.

आणि मग लुलूकार विरला आणि कुणीतरी म्हणाले, "अगं, हा केवढा मोठा."

सखाब पट्ट्याच्या खाली उतरून मांडीवर गोळा झाला होता. शिराझ जरा सरळ बसली तशी माळ पट्ट्याच्या कडीत अडकली. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि एका मण्याचे दोन तुकडे गादीवर पडले.

"बेयाची नजर गेली वाटतं," मागून कोणी कुजबुजले.

"खालाची नजर काही गेली नाही," शिराझ मोठ्याने म्हणाली. "ती नको नको म्हणत होती. मीच हट्ट केला. माझी चूक."

"चूक कोणाचीही असू दे, हालू नकोस," मन्नूबिया म्हणाली. "काढता तर येत नाही आता. गळ्यात पडला तो पडला. गळ्यातच सोडवून आखूड करायला हवा." तिने शिराझच्या मानेमागे हात घातला, माळ जोडणाऱ्या चांदीच्या मण्याखालची गाठ चाचपली, डोळे बारीक केले, नखाने ओढून पाहिले. गाठ ढिम्म हलेना. "ही कसली गाठ मारते ही बाई? माझ्या नवऱ्याची जीभ इतकी घट्ट बांधली असती तर मी सुखात असते."

बायका हसल्या. दोघीतिघींनी आणखी प्रयत्न केला. ती गाठ बेयाची होती, दोऱ्याच्या पोटातून उलटी फिरवून मण्यात लपवलेली, आणि ती सोडवता येणाऱ्या बाया जगात दोनच. त्यातल्या एकीचे दोन्ही हात मेंदीत बांधलेले होते.

मन्नूबियाने शेवटी हात टेकले. "बेया," ती ओरडली, "ते सरबत ठेव आणि इकडे ये."

"मी?" बेया दारातच उभी राहिली. "मी कसं... तुला माहीत आहे ना."

"मला सगळं माहीत आहे. घालायचा तो मी घातला, माझं काम झालं. दुरुस्तीला नियम कुठे आहे? उद्या हिच्या पट्ट्यात पन्नास मणी फुटले म्हणजे तो अपशकुन मोठा. ये."

बेयाने हात धुतले, पुसले, परत धुतले. मग ती शिराझच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि मानेवरचे केस बाजूला केले. तिथे तो लहानसा तीळ होता, चार वर्षांच्या पोरीला पहिली आंघोळ घालताना तिने पाहिला होता तसाच. बोटांना गाठ सापडली. ती सोडवायला बेयाला डोळे लागतच नव्हते, आणि ते बरे झाले, कारण डोळे त्या वेळी कामाचे नव्हते.

गाठ सुटली. दोऱ्याची दोन्ही टोके हातात धरून तिने मणी मागे ओढायला सुरुवात केली.

"कुठवर घेऊ?" तिने नेहमीच्या सवयीने विचारले.

"तुला माहीत आहे," शिराझ पुढे बघतच हळू म्हणाली. "डोळे मिटून सांगशील म्हणालीस ना."

बेयाचे हात थांबले. बाकीच्या बायका सरबतावर आणि सूसच्या फॅशनवर तुटून पडल्या होत्या, कोणाचे लक्ष नव्हते. ती शिराझच्या कानाशी वाकली.

"शिराझ. त्या दिवशी दोरा कुठे धरला होतास तू?"

"पट्ट्याच्या खाली. चांगला चार बोटं."

"मुद्दाम?"

"मग काय? एवढी वर्षं मणी ओवतेय तुझ्याबरोबर, मला माझं माप कळत नाही होय?"

"आणि सूसची नणंद?"

"तिने सखाब घातलाच नव्हता. तिला वासाने शिंका येतात."

"माझं बत्तीस वर्षांचं नाव घालवलंस, लबाड मुली," बेया म्हणाली.

"परत मिळवून दिलं की सगळ्यांसमोर. तू रड नंतर, खाला. आधी बांध, तुझ्या हाताने. माझी मान अवघडली."

"बस तशीच," बेया म्हणाली. "अवघडू दे जरा."

तिने नऊ मणी काढून घेतले आणि ओच्यात टाकले. सखाब पट्ट्याच्या वर दोन बोटे येऊन थांबला आणि श्वासाबरोबर रुळायला लागला. मन्नूबियाने समोरून पाहून मान हलवली. "हां. आता बसला. झालं का गं बेया?"

"होतंय," बेया म्हणाली.

ती गाठ ती एरवी वाटीभर चहा निवायच्या आत मारत असे. त्या दिवशी तिने दोरा एकदा फिरवला, सोडला, परत फिरवला. मन्नूबियाने दुसऱ्यांदा विचारले, मग तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा बेयाने तेच सांगितले, की होतंय, घाई करू नका, ही गाठ नीट बसायला हवी.