लायलॅकखालची टाकी

त्रेचाळीस वर्षं संसार केला, पण या घराची निम्मी माहिती आर्मांडच्याच डोक्यात होती. मार्चमध्ये तो गेला आणि ती बरोबर घेऊन गेला. असा नवरा.

आता विमा कंपनीचा कागद आलाय. अंगणात पुरलेली तेलाची जुनी टाकी कधी गळली आहे का? हो की नाही, खूण करा, सही करा, शुक्रवारपर्यंत पाठवा. 'हो' म्हटलं तर विमा बंद, आणि विम्याशिवाय हे घर मला झेपणार नाही. 'नाही' म्हणायचं तर माहीत तरी पाहिजे.

घर तापवणाऱ्या बॉयलरला तेल मिळतं ते तळघरातल्या टाकीतून. तिच्या आधीची टाकी लायलॅकच्या झुडपाखाली पुरलेली आहे. नवी आली तेव्हाच जुनी उपसून टाकायला हवी होती. "राहू दे गं, अडीनडीला चार थेंब असावेत," आर्मांड म्हणाला. चार थेंब कसले, हातभर तेल होतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो त्या टाकीच्या नळीत लांब काठी घालायचा, ओल्या जागी पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "बघतोय." मग रस्त्याकडेच्या झऱ्यावर जाऊन कॅन भरायचा आणि उताराखालच्या मर्लकडे पोचवायचा. हे कॅन मात्र दर शनिवारी. मर्ल ऐंशीचा, एकटा, गुडघे गेलेले. त्याच्या विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव येते, असं आर्मांड सांगायचा. स्वतःच्या घरात पेला उचलून ठेवायचा नाही, पण मर्लसाठी बारा कॅन. मी चारचौघांत कौतुक करायची.

कागद आल्यावर मी गॅरेजमधून ती काठी काढली आणि चक्रावले. कितीतरी वर्षं रेघ एकाच जागी, आणि मग वर, आणखी वर. ज्या टाकीत कोणी तेल घालत नाही, तिच्यातलं तेल वाढतं कसं? तेल म्हणजे काय दूध आहे, वर यायला? मी स्वतः काठी बुडवून पाहिली. शेवटच्या रेघेच्याही वर चार बोटं ओली निघाली.

रात्रभर विचार केला तेव्हा उलगडा झाला. तेलाची गाडी आणणारा लेलँड चुकीच्या नळीत तेल सोडत होता. राग आला, पण बरंही वाटलं. टाकी भरत चाललीय म्हणजे गळत नाही. सकाळी उठून मी 'नाही'वर ठळक खूण केली आणि सहीही ठोकली.

बुधवारी लेलँड आला.

"लेलँड, माझं तेल तू कुठे ओततोस रे?"

"तळघराच्या टाकीत, वहिनी. आणखी कुठे?"

"मग लायलॅकखालची भरते कशी?"

"ओ वहिनी, टाकीत तेल पडायला लागलं की आतून शिट्टी वाजते. ती ऐकू आली नाही तर मी एक थेंब सोडत नाही. तीस वर्षं कान शिट्टीला लावूनच हे काम करतोय. त्या जुन्या नळीला शिट्टीच नाही."

मी त्याच्यापुढे काठी धरली. त्याने रेघा नीट पाहिल्या. गाडीतून मलमाची ट्यूब आणली, काठीच्या खालच्या अर्ध्या भागाला फासली आणि काठी नळीत सोडली.

"तेलात याचा रंग बदलत नाही. पाणी लागलं तर लाल होतं."

काठी बाहेर आली ती खालून जवळजवळ दोन फूट लाल.

"खालून जमिनीतलं पाणी शिरतंय, वहिनी. ज्या भोकातून पाणी आत येतं, त्यातूनच तेल बाहेर जातं." त्याने हात पुसले. "कागदाचं तुमचं तुम्ही बघा. मी कोणाला बोलणार नाही."

तो गेला तरी मी काठी हातात धरून उभी होते. रेघ पहिल्यांदा वर गेली ती सहा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात. तारीख त्याच्याच अक्षरात होती. आणि पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरात, आर्मांड बाजारातून बारा नवे कॅन घेऊन आला होता. मर्लच्या गुडघ्यांसाठी, म्हणाला होता. मला आधी काहीच जुळेना. मग सगळं जुळलं: आमची टाकी वर, मर्लची विहीर उताराखाली.

त्याला माहीत होतं. सहा वर्षं तो पाणी वाहत राहिला आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आणि मार्चपासून मर्लला कोणीच पाणी नेलेलं नव्हतं.

मी पर्स उचलली आणि उतार उतरले. मर्ल स्वयंपाकघरात होता.

"ये गं व्हर्ना. किती दिवसांनी. बस, कॉफी ठेवतो." त्याने किटली नळाखाली धरली. "आर्मांड गेल्यापासून विहिरीचंच पितोय. जरा वास मारतं, पण आता सवय झालीय."

मी उठले, किटली त्याच्या हातातून घेतली आणि सिंकमध्ये रिकामी केली. मी पर्समधून विम्याचा कागद काढून त्याच्या टेबलावर पसरला.

"मर्ल," मी म्हटलं, "आधी मला एक पेन दे. मग सगळं सांगते."