भोलाने टाकलेले उंदीर

डॉक्टर शालिग्रामांनी आजारी साप वेगळा ठेवायची तीच गोष्ट साप सांभाळणाऱ्या हरिदासला चौथ्यांदा सांगितली आणि चष्मा काढून डोळे चोळले. पशुवैद्यक कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही ते बुढापाऱ्यातल्या घरून तेलीबांधा तलावापलीकडच्या या सर्पघरात हौसेने येत. आज ती हौस कुठल्या कुठे पळाली होती.

काचेमागे भोला अजगर मान मागे टाकून छताकडे पाहत होता. आठ दिवस हेच चाललं होतं. शेजारच्या पेटीत राणी ही अजगर-मादी वेटोळं घालून पडली होती.

"भजनात लागला हाय," हरिदास म्हणाला.

"भजन नाही रे. विषाणू मेंदूत गेलाय. त्याला वर कुठे, खाली कुठे, कळत नाही. यावर औषध नाही. म्हणून म्हटलं होतं, याला उचलायची आकडी वेगळी, पाण्याचा टब वेगळा, आणि आधी राणीचं काम, मग याचं. केलंस?"

"हव, सगळं केलं. तुमची पाटीबी लावली."

"मग याने न खाल्लेले उंदीर कुठे गेले?"

हरिदासने गमछ्याने कपाळ पुसलं. "राणीले देऊन टाकले. अन्न हाय साहेब, फेकू काहून?"

डॉक्टर गर्रकन त्याच्याकडे वळले. "रात्रभर याच्याजवळ पडलेले? याची लाळ लागलेले, अंगावरचे किडे चढलेले?"

"तुमी आकडी सांगितली, टब सांगितला. उंदराचं नावच नाही काढलं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच डॉक्टर जास्त चिडले. जन्मभर शिकवलं, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं.

राणीला हरिदासने नऊ वर्षं वाढवलं होतं. तिला बाधा झाली की नाही, एवढंच आता पाहायचं होतं.

"तिला उताणी ठेव," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट साप लगेच पालथा होतो. भोला काल पंधरा मिनिटं तसाच पडून होता, तू पाहिलंस."

हरिदासने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग राणीला जपून उलटं ठेवलं. तिची मान वळली. मागोमाग अर्धं अंग वळलं. शेपटाकडचा भाग मात्र पांढरं पोट वर करून तसाच राहिला.

हरिदासचा हात पुढे गेला. डॉक्टरांनी मनगट धरलं.

"तिलाच करू दे."

दोघं बघत उभे राहिले. शेपूट वळलं नाही.

"साहेब," हरिदास खाली बघत म्हणाला, "अजून तीन साप हायेत. मले पुन्हा पहिल्यापासून सांगा."

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि या खेपेला उंदरापासून सुरुवात केली.