गोटी कुठे होती

दोन हजार साली पुण्यात फिजिक्स शिकवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपासाचं ताट मागणं होतं. मिळायचं, पण वाढणारा कपाळाला आठ्या घालून वाढायचा. आमच्या कॉलेजातल्या प्रकाशाच्या प्रयोगांच्या अंधाऱ्या खोलीचे काळे पडदे काढून तिथे तीस कॉम्प्युटर मांडले होते. एम. एस्सी.चा निम्मा वर्ग दुपारनंतर सदाशिव पेठेतल्या कुठल्यातरी क्लासात जावा शिकायला पळायचा. ज्या चिपसाठी सगळं गाव वेडं झालं होतं, ती चिप ज्या शास्त्रावर चालते ते शास्त्र मी शिकवत होतो, आणि माझ्याकडे लोक कीर्तनकाराकडे बघावं तसं बघायचे. मला राग यायचा. अजूनही येतो.

क्वांटमची गणितं सुटतात. अचूक सुटतात. पण ती जगाबद्दल नेमकं काय सांगतात यावर अजून एकमत नाही, आणि मी त्या एका प्रश्नात वीस वर्षं घातली होती. स्टाफरूममध्ये तो प्रश्न काढला की ठरलेलं उत्तर यायचं, "गणित सुटतंय ना? मग झालं तर." विद्यार्थ्यांनाही तेच हवं होतं. एक मैत्री सोडून.

मैत्री वाघमारे विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. वडील, संपतराव, खडकीच्या कारखान्यात फिटर. मी अनिश्चितता तत्त्व शिकवत होतो: इलेक्ट्रॉनची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके सांगता येत नाहीत. सगळी पुस्तकं देतात ते स्पष्टीकरण मीही दिलं. अंधाऱ्या खोलीत गोटी चाचपडायला जा, हात लागला की ती घरंगळते. मोजायला गेलं की इलेक्ट्रॉनला धक्का लागतो. मैत्री उभी राहिली.

"सर, पण गोटी आधी कुठेतरी होतीच. इलेक्ट्रॉन होता हे कोणी सांगितलं?"

वर्ग हसला. मला मात्र गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू. धक्क्याची गोष्ट सांगितली की धक्क्याआधी जागा आणि वेग दोन्ही ठरलेले होते असं आपण गुपचूप मान्य करून बसतो. अडचण नेमकी तिथेच आहे. हे मला कळायला दोन वर्षं लागली होती, आणि या पोरीला एका तासात कळलं. त्यानंतर वर्षभर ती तास संपल्यावर थांबायची आणि आम्ही भांडायचो.

तिला एका संस्थेत संशोधनाला जायचं होतं. त्या संस्थेला फर्स्ट क्लास लागायचा. अर्जातला सवलतीचा रकाना तिने रिकामा सोडला. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, पुढे कोणी तोंड उघडायला नको."

त्या वर्षी विद्यापीठाचा पेपर मी काढला होता. पेपर काढणाऱ्याने मॉडेल आन्सरही लिहून द्यायचं असतं, त्यावरून सगळे तपासतात. मी पाच मार्कांचा प्रश्न घातला: मोजमाप आणि अनिश्चितता यांचा संबंध सांगा. उत्तर दीड पान लिहिलं. परीक्षा समितीचे अध्यक्ष नागोराव यांनी ते वाचून परत केलं.

"सर, तुमची फिलॉसफी घरी ठेवा. चाळीस जण तपासणार आहेत. दोन ओळींत मावेल असं द्या."

मी वाद घातला नाही. धक्क्याची गोष्ट दोन ओळींत लिहून दिली.

तपासणीला सगळ्या कॉलेजांचे मास्तर एका हॉलमध्ये बसतात. पेपरवरचा नंबर झाकलेला असतो. मी मॉडरेटर, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या गठ्ठ्यांतून काही पेपर काढून बघायचे आणि हिरव्या शाईने सही करायची. तिसऱ्या दिवशी एका पेपरात मला गोटी दिसली. गोटीच्या उदाहरणात चूक काय आहे ते तिने पाऊण पानात इतकं स्वच्छ लिहिलं होतं, की मला ते वीस वर्षांत जमलं नव्हतं. खाली लाल शाईत शून्य. शेजारी शेरा: मॉडेल आन्सरप्रमाणे नाही.

मी नागोरावांकडे पेपर नेला.

"वाढवा की," ते म्हणाले. "पण शून्याचे पाच केलेत तर कारण लिहावं लागेल. मॉडेल आन्सर चुकलंय असं लिहिणार? मग चाळीस जणांचे सगळे गठ्ठे परत. आणि मॉडेल आन्सर कोणाचं, हे मी सांगायला नको."

आजूबाजूचे चार जण माझ्याकडे बघत होते. चहा आला होता. मी शून्याखाली हिरवी सही केली.

निकालात मैत्रीला फर्स्ट क्लासला चार मार्क कमी पडले.

आठवड्याने ती वडिलांना घेऊन कॉलेजात आली. संपतरावांनी अर्धी रजा टाकली होती. फेरतपासणीचा फॉर्म भरून आणला होता, शेवटचा दिवस होता, आणि तो टाकण्याआधी त्यांना मला विचारायचं होतं.

"आपण सांगाल तसं करू, सर," ते म्हणाले. "ही म्हणते, एक प्रश्न बरोबर लिहिलाय. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी फॉर्म हातात घेतला. मॉडेल आन्सर चुकीचं होतं असं पत्र सोबत जोडायला मला पाच मिनिटं लागली असती. ते पत्र नागोरावांच्या टेबलावर गेलं असतं, आणि माझी हिरवी सही असलेला पेपरही. मी फॉर्म परत दिला.

"राहू द्या," मी म्हणालो. "फेरतपासणीत कधी काही वाढत नाही. उगाच मनस्ताप."

संपतरावांनी माझे आभार मानले. फॉर्मची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. मैत्री माझ्याकडे बघत राहिली. मोठ्यांनी एकदा ठरवल्यावर ती बोलणाऱ्यातली नव्हती.

सहा वर्षांनी मंडईत भेटली. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होती, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. वडील निवृत्त झाले, बंगलोरची बदली तिने नाकारली, असं भरभर सांगितलं. मग कोथिंबीर निवडता निवडता थांबली.

"सर, एक विचारायचं राहून गेलं. तो गोटीचा प्रश्न. मी बरोबर लिहिलं होतं असं मला अजून वाटतं. इथे कोणाला विचारणार? काय वाटतं तुम्हाला, चुकलंच असेल ना माझं?"

खरं उत्तर मला येत होतं. त्या गावात बहुधा मला एकट्यालाच येत होतं.

"असेल," मी म्हणालो.

तिने जुडी पिशवीत टाकली.

"मग बरं झालं, सर," ती म्हणाली. "उगाच वाईट वाटायचं इतकी वर्षं."